विश्लेषण : पतसंस्थेचा सभासद कोण होऊ शकतो? रायफायझन यांनी घालून दिलेला नियम काय होता?

पतसंस्थेकडून कर्ज हवे असेल तर आधी सभासद व्हावे लागते. त्यासाठी अर्जदार संस्थेच्या कार्यक्षेत्रातला असावा लागतो. या अटींचे मूळ एकोणिसाव्या शतकातील जर्मन खेड्यांत आहे. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांनी त्या अनुभवातून घडवल्या.

कोण होते रायफायझन?

त्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी हाम या गावी झाला. डोळ्यांच्या विकारामुळे सैन्यातील नोकरी सोडून ते प्रशासनात आले. १८४५ मध्ये ते वायरबुश आणि आसपासच्या गावांचे महापौर झाले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात पीक बुडाल्याने उपासमार सुरू झाली. रायफायझन यांनी सधन रहिवाशांकडून पैसा उभा केला, गावासाठी पावाची भट्टी बांधली आणि गरिबांना उधारीवर स्वस्त पाव दिला.

पुढे काय केले?

फ्लामर्सफेल्ड येथे बदली झाल्यावर सावकारी पाश हा मोठा प्रश्न असल्याचे त्यांना दिसले. गाय घ्यायची तरी शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि कर्जात बुडे. १८४९ मध्ये त्यांनी मदत संस्था काढली. सधन सभासदांच्या हमीवर गरिबांना जनावरे हप्त्याने मिळू लागली. १८५४ मध्ये हेडेसडॉर्फ येथेही अशीच संस्था निघाली.

नियम का बदलावा लागला?

या संस्थांत सभासद श्रीमंत आणि कर्जदार बाहेरचे, अशी स्थिती होती. जोखीम एकाची, लाभ दुसऱ्याचा. काही वर्षांत हमीदारांचा उत्साह ओसरला. केवळ दानशूरपणावर संस्था टिकत नाही, हे रायफायझन यांना कळून चुकले. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला नव्याने उभ्या राहिलेल्या संस्थेत कर्जदाराने स्वतः सभासद होणे आवश्यक ठरले.

प्रवेश कोणाला होता?

कार्यक्षेत्र लहान, साधारण एका चर्चच्या हद्दीतील गावांपुरते. त्यामुळे सर्व जण एकमेकांना ओळखत. संपत्तीपेक्षा सचोटीला महत्त्व होते. संस्था बुडाल्यास प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार असे. म्हणूनच उधळ्या माणसाला आत घेताना गाव दहादा विचार करी. भूमिहीन पण प्रामाणिक माणसालाही दार उघडे राही, कारण त्याची पत शेजाऱ्यांना ठाऊक असे.

प्रकृतीमुळे १८६५ मध्ये त्यांनी पद सोडले. दृष्टी अधू झाल्याने लेखनात मुलगी अमाली त्यांना मदत करी. १८६६ मध्ये त्यांचे पतसंस्थांवरील पुस्तक आले. ११ मार्च १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी संबंध काय?

१८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांचा रोष दाखवून दिला होता. पुढे मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी आपल्या अहवालात रायफायझन पद्धतीची शिफारस केली. १९०४ च्या पतसंस्था कायद्यात एकाच गावातील किंवा एकाच जमातीतील १८ वर्षांवरील किमान दहा जणांना संस्था काढता येऊ लागली. ग्रामीण संस्थेत चार पंचमांश सभासद शेतकरी असावेत, अशी अट होती.

आज काय उरले?

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानुसार करार करण्यास सक्षम व्यक्ती सभासद होऊ शकते. बाकीच्या अटी उपविधींत असतात. सभासदाची जबाबदारी आता सहसा मर्यादित असते. त्यामुळे शेजाऱ्यांची नजर सैल झाली असून, अर्जदाराची पारख करण्याचा भार संचालक मंडळावर आला आहे.