ओवीतून सुवार्ता सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स

ख्रिस्तसभेच्या मराठी इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आदराने घेतले जाते. आमच्या अमरावती धर्मप्रांतातील वाशीम, कारंजा या भागातील वाचकांना जात्यावरची ओवी परकी नाही. तीच ओवी चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या चर्चमध्ये कशी आली, याचा वृत्तान्त या धर्मगुरूंच्या चरित्रात आहे.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे कठीण झाले होते. ते रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः गोव्यातील साष्टी प्रदेशात सेवा केली.

त्यांच्या सेवेच्या आरंभीच्या काळातच एक दारुण घटना घडली. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह ताब्यात घेऊन राशोलच्या 'अवर लेडी ऑफ द स्नोज' या मरियामातेच्या चर्चमध्ये दफन करण्याचे काम फादर स्टीफन्स यांच्यावर आले. या घटनेमागे देवळांच्या विध्वंसाचा संताप होता आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना विश्वासघाताने ठार केले, हेही आम्ही येथे नमूद केले पाहिजे. हा इतिहास अर्धा सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही.

अशा दुखावलेल्या भूमीत फादर स्टीफन्स यांनी लोकांची भाषा शिकण्याचा मार्ग धरला. नवख्रिस्ती कुटुंबांपुढे एक खरी अडचण होती. पूर्वी ज्या पुराणश्रवणात त्यांची संध्याकाळ जाई, ते सुटले होते. त्याच्या जागी मात्र काहीच आले नव्हते. ग्रंथाच्या आरंभी ही मागणी पाद्रीपुढे मांडली जाते व तिचे उत्तर म्हणून पुराण सुरू होते. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्यामुळे मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या! पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, ते आम्हांला विशेष वाटते. श्रोत्याला ओळखीचा शब्द त्यांनी सोडला नाही. साष्टीच्या चर्चमध्ये भाविक एकत्र जमून हे पुराण गात व ऐकत असत.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यात निवर्तले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. पुराणाच्या पुढे १६४९ व १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या, पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. अशा हस्तलिखितांवरून मंगळूरला १९०७ मध्ये रोमन लिपीतील आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ती देवनागरीत आणली. उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाच्या ओव्या आपल्या धर्मग्रामांतूनही वाचल्या जाव्यात, अशी आमची विनंती आहे.