हवेचा हिशेब ठेवणारा माणूस

बँकेच्या नोकरीत ३१ वर्षे काढली. त्यातली बरीचशी स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली. जोडून सुट्ट्या आल्या की नंतरच्या सकाळी ते जाड दार उघडताच आतली कोंदट हवा अंगावर येई. आमचा जुना शिपाई मला लगेच आत शिरू देत नसे. हवा जरा खेळू द्यावी, एवढेच त्याचे म्हणणे. तो दाराशी तंबाखू मळत बसे आणि मी घड्याळाकडे बघत चिडे. त्याचे म्हणणे किती शहाणपणाचे होते, हे मला निवृत्तीनंतर एका स्कॉटिश शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना कळले.

त्याचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन. आपल्याकडे हे आडनाव ओळखीचे आहे ते त्यांच्या मुलामुळे. जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आज सांगायचे आहे ते मात्र वडिलांविषयी.

जॉन हाल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरोत, एका खानदानी घरात झाला. वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. माणूस श्वास घेतो ती हवा कशी असते, या एकाच प्रश्नामागे ते जन्मभर लागले. सुरुवातीला डंडी शहरातल्या गरिबांच्या खोल्यांतून आणि शाळांतून हवेचे नमुने बाटल्यांत भरून आणले. मग स्वतःलाच हवाबंद पेटीत कोंडून घेतले. बंद जागेत जीव घाबरतो तो आधी प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, हे त्यांना धापा टाकता टाकता उमगले. प्रयोगाला दुसरा माणूस देण्याआधी ते स्वतः बसत.

१८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसे दगावली. लोकांना वाटले, ती स्फोटाच्या धक्क्याने किंवा भाजून गेली. हाल्डेन यांनी प्रेते तपासून दाखवले, की बहुतेकांना स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मारले होते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आपण गुदमरतो आहोत हेही माणसाला कळत नाही. हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून, पाय लटपटेपर्यंत नोंदी ठेवल्या होत्या. इवल्या जिवाचा श्वास जलद, म्हणून विष त्याला आधी बाधते, हे ओळखून खाणीत उंदीर किंवा पक्षी न्यावा असे त्यांनी सुचवले. ब्रिटनच्या खाणींतला कॅनरी पक्षी पुढे थेट १९८६ साली निवृत्त झाला.

यानंतर समुद्र आला. ब्रिटिश आरमाराचे पाणबुडे तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरत आणि वरून हातपंपाने त्यांना नळीवाटे हवा पुरवली जाई. खोल गेल्यावर ते धापा टाकू लागत, कधी बेशुद्ध पडत. हा पाण्याच्या दाबाचा परिणाम असे मानले जाई. १९०५ साली आरमाराने समिती नेमली आणि हाल्डेन यांनी शिरस्त्राणातल्याच हवेचा हिशेब मांडला.

हिशेब आम्हा बँकवाल्यांना सहज कळणारा आहे. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. हवेत एखादा वायू शेकडा १ असेल, तर ३० मीटरवर तो शेकडा ४ असल्यासारखा शरीराला लागतो. जणू चक्रवाढ नव्हे, पण चढते व्याजच! म्हणजे खोली वाढेल तशी त्याच प्रमाणात जास्त हवा सोडायला हवी. पंप मात्र गळके होते आणि हवा अपुरी पडत होती. पुरवठा वाढवला आणि पाणबुडे खोलवरही नीट काम करू लागले.

दुसरे दुखणे वर येतानाचे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सांधे धरतात, कधी जीव जातो. हाल्डेन यांनी लंडनमध्ये दाबाच्या टाकीत शेळ्या ठेवून किती वेळाने किती वर यावे याचे कोष्टक बसवले. १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ डॅमंट आणि कॅटो हे दोघे आरमारी पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. त्याच मोहिमेत हाल्डेन यांनी आपल्या १३ वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवले. पोशाख मापाचा नव्हता, त्यात पाणी शिरले. पोर भिजून वर आले. १९०८ साली ते कोष्टक प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक देशांच्या आरमारांनी स्वीकारले.

तो १३ वर्षांचा मुलगा वाचताना माझ्या मनात रुतला, कारण माझा नातूही तेवढाच. गेल्या वर्षी आम्ही सिंधुदुर्गात गेलो होतो. त्याला स्कूबा करायचे होते. किनाऱ्यावर एका ठिकाणी टाक्या भरण्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याची हवा ओढणारी नळी डिझेल इंजिनाच्या धुराड्यापासून हातभर अंतरावर, आणि वारा तिकडूनच. हवेची तपासणी कधी केली, असे मी विचारले. तिथला पोरगा हसला. मी नातवाला परत आणले. तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. सूनबाईलाही ती म्हाताऱ्याची भीती वाटली असावी.

पाणबुड्यांच्या हवेचे युरोपीय मानक कार्बन मोनॉक्साइडला दहा लाख भागांत फक्त ५ भागांची मुभा देते. याचे कारण वरचा हिशेबच. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात नळी उंचावर, धुराच्या उलट दिशेला लावलेली दिसली. तपासणीचा कागदही त्यांनी न कुरकुरता दाखवला. तिथे नातू उतरला. तो वर येईपर्यंत मी वाळूत उभा होतो. हाल्डेन यांना मुलगा वर येईपर्यंत काय वाटले असेल, याचा थोडा अंदाज तेव्हा आला.

हाच वायू आपल्या घरातही येतो. न्हाणीघरात गॅस गिझर आणि थंडीमुळे झडप बंद, एवढे त्याला पुरते. घरी परतल्यावर मी आधी ती झडप कायमची उघडी करून घेतली.

१९१५ साली युद्धात जर्मनांनी क्लोरीन सोडला, तेव्हा पंचावन्नीला टेकलेले हाल्डेन फ्रान्सला धावले आणि सैनिकांच्या मुखवट्यासाठी पुन्हा विषारी वायू हुंगत बसले. १९३६ साली ऑक्सफर्डला न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. आयुष्यभर इतरांच्या श्वासाची काळजी वाहिलेला माणूस अखेर फुफ्फुसांच्याच आजाराने गेला.

आमचा तो शिपाईही आता नाही. त्याच्यावर उगाच चिडलो, हे त्याला सांगायचे राहूनच गेले.