मातीतला धन्वंतरी

क्षय! नुसती दोन अक्षरे. पण आमच्या आजीच्या पिढीत ही दोन अक्षरे घरात कुणी मोठ्याने उच्चारीत नसे. जुन्या वैद्यांनी या रोगाला राजयक्ष्मा म्हटले, म्हणजे रोगांमधले राजेपण त्यालाच बहाल केले. १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधून काढला. शत्रू दिसला, पण त्याच्यावर चालणारे शस्त्र पुढची साठ वर्षे कुणाच्या हाती लागले नाही. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि बाकी सारा दैवावर हवाला! अखेर औषध सापडले, ते कुठे? भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत! आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले ते डॉक्टर नव्हते. मातीचा अभ्यास करणारे ते एक प्राध्यापक होते. सेल्मन अब्राहम वॅक्समन हे त्यांचे नाव.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्राशी माझी ओळख दहावीपुरतीच. मग या शास्त्रज्ञाविषयी मी का लिहावे? कारण माती हा आमच्या घरचा विषय आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या आधीच्या सर्वांचे आयुष्य ढेकळे फोडण्यात गेले. आपल्या बोलीत एखादी वस्तू 'मातीमोल' होते, कुणाच्या जन्माची 'माती' होते. ज्या मातीवर आपण जगतो तिलाच आपण असे हिणवतो. वॅक्समन यांचे चरित्र वाचताना हे शब्दप्रयोग मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

२२ जुलै १८८८ रोजी, आजच्या युक्रेनमधील नोवाया प्रिलुका या लहानशा गावी सेल्मनचा जन्म झाला. तेव्हा तो मुलूख रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि सेल्मनचे घर होते ज्यू. झारच्या राज्यात ज्यू मुलांना विद्यापीठाची दारे जवळजवळ बंदच होती. मोजक्याच जागा त्यांच्या वाट्याला येत. घरचा व्यापार आई सांभाळी. मुलाने शिकावे ही तिचीच आस. १९०९ साली ती वारली आणि सेल्मनला गावात धरून ठेवणारे काही उरले नाही. पुढच्याच वर्षी ओडेसा येथे बाहेरून परीक्षा देऊन त्याने शालान्त प्रमाणपत्र मिळविले आणि १९१० सालीच अमेरिकेची वाट धरली.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात त्याच्या नातेवाइकांचे एक छोटेसे शेत होते. तिथे तो उतरला आणि राबू लागला. त्याच्या मनात वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. पण जवळच्याच रटगर्स कॉलेजात जेकब लिपमन नावाचे प्राध्यापक होते. तेही रशियातून आलेले ज्यू आणि मातीतल्या जंतूंचे अभ्यासक. त्यांनी या तरुणाला शेतकी शिकण्याचा सल्ला दिला. १९११ साली शिष्यवृत्तीवर तो रटगर्समध्ये दाखल झाला. मित्रहो, पुढची सारी कथा या एका सल्ल्यातून निघाली!

पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याला एक काम मिळाले. कॉलेजच्या शेतात चर खणायचे, वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची आणि तिच्यात कोणते आणि किती सूक्ष्मजीव आहेत ते मोजायचे. कंटाळवाणे काम! पण काचेच्या बशीत त्या जंतूंच्या वसाहती वाढू लागल्या, तेव्हा त्याला बॅक्टेरिया आणि बुरशी यांच्या जोडीला तिसरेच काहीतरी दिसले. धागे बुरशीसारखे, पण आकार बॅक्टेरियाइतका बारीक. यांना ॲक्टिनोमायसिट्स म्हणतात. त्या काळी त्यांच्याकडे कुणी फारसे पाहत नसे. सेल्मनने त्यांनाच आपले मानले. १९१६ साली एका सहकाऱ्याबरोबर त्याने अशा अनेक जाती वर्णन करून प्रसिद्ध केल्या. त्यांत करड्या रंगावरून 'ग्रिसियस' हे नाव दिलेली एक जात होती. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

कॅलिफोर्नियात डॉक्टरेट घेऊन १९१८ साली वॅक्समन रटगर्सला परतले आणि तिथेच त्यांचे आयुष्य गेले. पालापाचोळ्याचे खत कसे होते, शेणखत कुजताना आत काय घडते, जमिनीला काळेपणा कशाने येतो, हे त्यांचे प्रश्न होते. १९२७ साली मातीतील सूक्ष्मजीवशास्त्रावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव नांदतात. ते एकमेकांना पोसतात आणि एकमेकांना मारतातही. आपल्या पायाखाली एक अखंड कुरुक्षेत्र चालू असते म्हणा ना!

१९३२ साली अमेरिकेच्या क्षयनिवारण संघटनेने त्यांना विचारले, की क्षयाचे जंतू मातीत गेल्यावर त्यांचे काय होते? वॅक्समन यांच्या एका विद्यार्थ्याने प्रयोग केले आणि ते जंतू मातीत हळूहळू मरतात असे दिसून आले. उत्तर समोर होते, पण त्याचा पाठपुरावा तेव्हा झाला नाही. १९३९ साली त्यांचाच जुना विद्यार्थी रने द्युबो याने मातीतल्या एका जंतूपासून रोगजंतूंना मारणारे द्रव्य काढून दाखविले, तेव्हा गुरूला जाग आली. वॅक्समन यांनी सारी प्रयोगशाळा या एकाच कामाला जुंपली. १९४० साली ॲक्टिनोमायसीन सापडले. ते जंतूंना मारी, पण प्रयोगाच्या प्राण्यांनाही मारी. १९४२ साली स्ट्रेप्टोथ्रिसीन सापडले. तेही विषारी ठरले. अशा द्रव्यांसाठी 'अँटिबायोटिक' हा शब्द रूढ केला तो याच काळात वॅक्समन यांनी. आपण मराठीत त्यांना प्रतिजैविके म्हणतो.

आता या कथेत दुसरा नायक येतो. आल्बर्ट शॅट्झ, वय तेवीस, गरीब कुटुंबातला, शेतावर वाढलेला. त्याने मृदाशास्त्र शिकले ते पुढे शेती करायची म्हणून. पाठदुखीमुळे सैन्यातून सुटून तो १९४३ साली वॅक्समन यांच्याकडे संशोधनासाठी आला. महिना चाळीस डॉलर विद्यावेतन. क्षयाचे जंतू हाताळायचे तर संसर्गाची धास्ती, म्हणून त्याचे काम तळघरात चाले. रात्रंदिवस तो तिथेच असे. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याला हवे ते मिळाले. जंतूंना मारणारे एक द्रव्य तयार करणारे दोन वाण त्याच्या हाती लागले. एक वाण शेणखताने भरलेल्या शेतातल्या मातीतला आणि दुसरा एका निरोगी कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला. आणि जात कोणती? तीच, करडी ग्रिसियस! वॅक्समन यांनी विद्यार्थिदशेत जिचे वर्णन केले होते तीच जात सत्तावीस वर्षांनी औषध घेऊन उभी राहिली. त्या औषधाचे नाव स्ट्रेप्टोमायसीन.

मेयो क्लिनिकमधील फेल्डमन आणि हिनशॉ या दोघांनी आधी गिनीपिगवर आणि मग माणसांवर ते वापरून पाहिले. नोव्हेंबर १९४४ मध्ये क्षयाने खंगलेल्या एकवीस वर्षांच्या एका तरुणीला ते दिले गेले आणि ती जगली. ज्या रोगापुढे वैद्यकाने साठ वर्षे हात टेकले होते तो रोग मागे हटला!

आमचे आजोबा हे या औषधाचे ऋणी. तरुणपणी त्यांना क्षय झाला तेव्हा रोज चार मैल चालत जाऊन ते तालुक्याच्या दवाखान्यात सुई टोचून घेत. ते बरे झाले, त्यांनी पुढे विहीर खणली, मुलींची लग्ने केली. पण तेव्हापासून त्यांना कमी ऐकू येऊ लागले. स्ट्रेप्टोमायसीनचा कानाच्या नसेवर वाईट परिणाम होऊ शकतो, हे मला या वाचनात कळले. आम्ही नातवंडे त्यांच्या कानाशी ओरडून बोलत असू. ते ऐकू न येणे ही त्यांच्या जगण्याची किंमत होती. शिवाय हे औषध एकटे दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही लवकरच ध्यानात आले. म्हणून पुढे दोन-तीन औषधे एकत्र देण्याची रीत पडली.

इथवर सारे गोड आहे. परंतु थोरांचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळू नये, असे मला वाटते. शोधाचे पेटंट शॅट्झ आणि वॅक्समन या दोघांच्या नावे होते आणि दोघांनीही आपले हक्क रटगर्सच्या संस्थेकडे सोपविले होते. पण त्या संस्थेकडून वॅक्समन यांना मानधनाचा वाटा मिळत होता, आणि शॅट्झला त्याची वार्ताही नव्हती. वर्तमानपत्रांतून नाव झळके तेही गुरूचेच. १९५० साली शिष्याने गुरूवर कोर्टात दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली. शॅट्झ हा सहसंशोधक असल्याचे मान्य झाले आणि मानधनातील तीन टक्के त्याला, दहा टक्के वॅक्समन यांना व सात टक्के प्रयोगशाळेतील इतरांना मिळाले. वॅक्समन यांनी आपल्या वाट्यातला मोठा भाग सूक्ष्मजीवशास्त्राच्या कार्यासाठी देऊन टाकला, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच झाले. पण १९५२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यालाच मिळाले.

आणखी एक नाव मला सांगितलेच पाहिजे. १९४४ साली शोधाचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्यावर तीन नावे होती: शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वॅक्समन. पेटंटवर मात्र दोनच! मधले, स्त्रीचे नाव गळले. मी मुलगी आहे म्हणून ते मला अधिक टोचले असेल.

मग खरा संशोधक कोण? एकलव्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि अंगठा देणाऱ्याला धन्य म्हणतो. अंगठा मागणाऱ्याविषयी मात्र आपण गप्प राहतो. मला वाटते, पाव शतक मातीची मशागत वॅक्समन यांनी केली नसती तर शॅट्झला पीक मिळाले नसते. आणि शॅट्झ त्या तळघरात राबला नसता तर पीक उभे राहिले नसते. आमच्या गावात जमीन एकाची आणि कसणारा दुसरा असला, तर खळ्यावर वाटणी होते. ज्ञानाच्या खळ्यावरही ती व्हायला हवी. रटगर्सने १९९४ साली शॅट्झला आपले सन्मानपदक दिले. पन्नास वर्षे लागली, पण माप पदरात पडले.

वॅक्समन १६ ऑगस्ट १९७३ रोजी वारले. त्यांच्या कार्याची एक फांदी आपल्या महाराष्ट्रातही फुटली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे पेनिसिलीनच्या पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसीनही होऊ लागले. तिथल्याच संशोधकांनी पिंपरीच्या मातीतून एक नवी जात शोधली आणि तिला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव दिले. तिच्यापासून हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध निघाले. आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या जंतुशास्त्रात गेले ते असे!

पण देणगी कशी वापरावी याचेही भान हवे. १९५० च्या सुमारास असे दिसले, की कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक किंचित मिसळले की पिल्ले झपाट्याने वाढतात. मग जगभर ते खाद्यात पडू लागले. आजारी नसलेल्या कोंबड्याही औषध खाऊ लागल्या. परिणामी जंतू निर्ढावले. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर बंद केला. आपल्या देशात २०१९ साली कोलिस्टिन हे प्रतिजैविक जनावरांच्या व कोंबड्यांच्या वापरातून काढून टाकण्यात आले. जे मातीने शतकानुशतके जपले ते आपण काही दशकांत उधळावे काय?

शेवटी एक गोष्ट सांगते. पहिल्या वळवाच्या सरीनंतर मातीला जो वास येतो त्याच्यावर आपल्या कवींनी अपार लिहिले आहे. तो वास बराचसा मातीतल्या याच धाग्यांसारख्या जीवांचा असतो. त्या द्रव्याला 'जिओस्मिन' हे नाव १९६५ साली दिले गेले, तेही वॅक्समन यांनी उभारलेल्या रटगर्सच्या संस्थेतच. तेव्हा यंदा वळीव पडला आणि तो वास आला, तर कविता जरूर आठवा. पण त्याबरोबर करड्या रंगाच्या त्या जातीला, तळघरात राबणाऱ्या शॅट्झला, नाव गळालेल्या बुगीला आणि माती मोजत बसलेल्या त्या प्राध्यापकालाही आठवा. माती होणे म्हणजे संपणे नव्हे, एवढे तरी या चरित्राने मला शिकविले.