लंडनच्या फुलवालीला पुलंनी मराठी बोलायला कसं लावलं?

'कौन बनेगा करोडपती' मूळचा ब्रिटिश शो आहे, हे आता बहुतेकांना माहिती आहे. १९९८ मध्ये तो इंग्लंडच्या टीव्हीवर आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत गेला आणि २००० मध्ये आपल्याकडे. असे शो झटपट प्रवास करतात, कारण प्रश्न बदलले की काम होतं. तिकडे राणीबद्दल विचारतात, इकडे अकबराबद्दल.

पण खेळ जर शब्दांचाच असेल तर? उच्चार, अक्षरं, शब्दांचे श्लेष यांच्यावरच सगळी गंमत उभी असेल तर? इंग्रजी अक्षरांचा खेळ देवनागरीत आणायचा म्हटलं की काना, मात्रा, वेलांटीचं काय करायचं इथूनच घोडं अडतं. आणि त्यातही कोण कसं बोलतं यावर हसायचं असेल, तर परदेशी शो इथे अजिबात चालत नाही. कारण कोणत्या बोलण्याला हसायचं हे प्रत्येक समाजाचं वेगळं असतं.

हे नीट कळायचं तर वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, जो शिकायला पुण्यात गेलाय. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठलाही चालेल. घरी तो 'काऊन' म्हणतो, 'करून राहिलो' म्हणतो, आजी 'डोळा'ला 'डोया' म्हणते. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यातच त्याला कळतं की आपण काय बोलतो याआधी आपण कसं बोलतो हे मोजलं जातंय. महिनाभरात तो 'करतोय' म्हणायला लागतो. घरी फोन लावला की पुन्हा 'करून राहिलो'.

याच विषयावर लंडनमध्ये एक नाटक लिहिलं गेलं होतं. ते मराठीत आणणारा माणूस म्हणजे पु. ल. देशपांडे.

तर आधी मूळ नाटक. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. १९१३ मध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेसुद्धा व्हिएन्नात, जर्मन भाषेत. म्हणजे इंग्रजी उच्चारांवरचं नाटक, आणि पहिला प्रयोगच भाषांतराचा! लंडनला ते ११ एप्रिल १९१४ ला आलं. गोष्ट साधी. कॉकनी बोलणारी एक फुलवाली, एलायझा. ध्वनिशास्त्राचा एक तिरसट प्राध्यापक, हिगिन्स. तो पैज लावतो की काही महिन्यांत या मुलीचे उच्चार असे बदलेन की उच्चभ्रू लोक तिला सरदारघराण्यातली समजतील. तो पैज जिंकतो. पण मग त्या मुलीचं पुढे काय, हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो.

शॉ यांना ही प्रेमकथा नको होती. पण लंडनच्या पहिल्याच प्रयोगांत हिगिन्स झालेल्या नटाने शेवटी फुलं उधळून तसा रंग भरला आणि शॉ चिडले. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेने याच नाटकाचं 'माय फेअर लेडी' हे संगीतनाटक केलं आणि एलायझाला सरळ हिगिन्सच्या घरी परत पाठवलं. ब्रॉडवेवर त्याचे २,७१७ प्रयोग झाले. १९६४ च्या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले.

अमेरिकेने एक गोष्ट मात्र केली नाही. गोष्ट लंडनमध्येच ठेवली. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला कॉकनी ही परक्या देशातली मजेशीर बोली होती. तिच्यात त्याची स्वतःची लाज अडकलेली नव्हती. त्यामुळे गाणी, टोप्या, झगे सगळं झकास झालं आणि टोचणी बरीचशी निघून गेली.

पुलंनी नेमकं उलटं केलं. ते का जमलं, यासाठी त्यांच्या आयुष्यात थोडं मागं जावं लागतं.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. बालपण पार्ल्यात गेलं. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहायचे, त्यांनी टागोरांची गीतांजली अभंगांत आणली होती. म्हणजे दुसऱ्या भाषेतली गोष्ट आपल्या छंदात बसवायची, हा उद्योग घरातलाच. शिक्षण मुंबई, पुणे, सांगली असं फिरत झालं. १९४६ मध्ये सुनीता ठाकूर यांच्याशी लग्न झालं. मग मास्तरकी, पेटी, गाणी, सिनेमे. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं पुलंचंच. 'सब कुछ पुलं' हे बिरूद तिथून चिकटलं ते कायमचं.

या सगळ्या गडबडीत एक काम ते सतत करत राहिले, आणि त्याच्याकडे लोकांचं जरा कमीच लक्ष जातं. ते म्हणजे रूपांतर. गोगोल या रशियन लेखकाचं नाटक त्यांनी 'अंमलदार' केलं. सॉमरसेट मॉमचं 'भाग्यवान' केलं.

'सुंदर मी होणार' तर पाहण्यासारखं उदाहरण आहे. मूळ नाटकात लंडनमधल्या विम्पोल स्ट्रीटवरचा एक हुकूमशहा बाप आहे, जो मुलांना लग्नच करू देत नाही. हा बाप मुंबईतल्या बंगल्यात आणून ठेवला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, असा कुठे बाप असतो का? पुलंनी त्याला महाराज केलं. संस्थान विलीन झालंय, राज्य गेलंय, हुकूम गाजवायला आता फक्त स्वतःची मुलं उरली आहेत. एका झटक्यात तो बाप मराठी प्रेक्षकाला पटला.

पुलंची पद्धत ही अशी होती. माणसाचं नाव बदलून भागत नाही, त्याच्या वागण्याचं कारण इथलं शोधावं लागतं.

पन्नाशीच्या दशकात ते आकाशवाणीत होते. तिथून टेलिव्हिजनचं तंत्र शिकायला ते बीबीसीत गेले. त्या प्रवासाचं पुस्तक म्हणजे 'अपूर्वाई'. योगायोग बघा, १९५८ मध्येच 'माय फेअर लेडी' लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात दाखल झालं होतं. आणि बीबीसी म्हणजे तेव्हा शुद्ध इंग्रजी उच्चारांचं देऊळच. निवेदकाच्या तोंडून प्रांताचा वास येता कामा नये, असा तिथला जमाना. पुढे १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत भारताचं टेलिव्हिजन सुरू झालं तेव्हा त्याच्या पहिल्या निर्मात्यांत पुलं होते. ज्या माणसाला आपण पुस्तकांतून आणि कॅसेटमधून ओळखतो, तो या देशाच्या टीव्हीच्या पाळण्याजवळही उभा होता.

नोकरीत ते फार रमले नाहीत. 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग, 'वाऱ्यावरची वरात', 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९६६ ला पद्मश्री, १९७४ ला इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. हे सगळं शाळेच्या निबंधात येतंच, त्यामुळे पुढे जाऊ.

२९ जानेवारी १९७५. इंडियन नॅशनल थिएटरने 'ती फुलराणी' रंगमंचावर आणलं. लेखन आणि दिग्दर्शन पुलंचं. एलायझाची झाली मंजुळा, हिगिन्सचा झाला प्रोफेसर अशोक जहागीरदार. मंजुळा भक्ती बर्वे, जहागीरदार सतीश दुभाषी. नाव आठवण करून देतं बालकवींच्या 'फुलराणी' या कवितेची. लंडनच्या फुलवालीला खानदेशातल्या कवीचं नाव मिळालं.

आता खरी अडचण बघा. इंग्रजीत स्पेलिंग एकच असतं आणि प्रत्येक वर्ग ते वेगळं बोलतो. कॉकनी माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' खाऊन टाकतो, पण लिहिताना तो असतोच. मराठीचं तसं नाही. आपण साधारण जसं बोलतो तसं लिहितो. त्यामुळे 'आनि पानी' हे कागदावर उतरलं की थेट चूकच दिसते, लाल शाईने गोल करण्यासारखी. आणि मराठीत 'ण'चा 'न' झाला की ऐकणारा फक्त उच्चार ऐकत नाही. तो त्या माणसाचं गाव, शाळा, घर आणि जातसुद्धा मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो.

लंडनमध्ये उच्चारावरून वर्ग कळायचा. इथे जातही कळते, किंवा कळली असं समजलं जातं. शॉ यांच्या नाटकात नसलेलं हे वजन मराठी रूपांतरात आपोआप आलं. पुलंना त्यासाठी भाषण लिहावं लागलं नाही. जहागीरदार नावाचा प्राध्यापक आणि साळुंखे नावाची फुलवाली समोरासमोर उभे केले की प्रेक्षकाला जे समजायचं ते समजतंच.

शिवाय मंजुळा मार खाणारी नाही. तिला राग येतो आणि तो ती स्वतःच्याच बोलीत काढते. मास्तर खोलीत नसताना ती एकटीच त्याला जे सुनावते, ते स्वगत आज नाटकापेक्षाही प्रसिद्ध आहे. तिथे प्रेक्षक हसतो, पण हसतो तो मंजुळेच्या बाजूने. ज्या बोलीला हसायला तो तिकीट काढून आला होता, त्याच बोलीतून प्रोफेसरचं माप निघतं.

गंमत म्हणजे ही भूमिका करणाऱ्या भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनच्या निवेदिका होत्या. म्हणजे महाराष्ट्रात ज्यांचे उच्चार प्रमाण मानले जायचे, त्यांच्यापैकी एक. जहागीरदारने मंजुळेला जिथे पोचवायचं ठरवलं होतं, तिथून भक्तीताई रोज उलट्या दिशेने मंजुळेपर्यंत चालत यायच्या.

आता एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. या नाटकात फूटपट्टी शेवटी पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरातल्या मराठीचीच राहते. मंजुळा जिंकते, पण जिंकण्यासाठी तिला तीच भाषा शिकावी लागते. वर्ध्यात बसून पाहिलं तर हे जास्त जाणवतं. हे शहर म्हणजे भाषांचा चौक आहे. १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे आहे, आता हिंदी विद्यापीठही आहे, घरात वऱ्हाडी वळणाची बोली, बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी. १९६९ आणि २०२३, अशी दोन मराठी साहित्य संमेलनं या शहराने भरवली. इथला माणूस दिवसातून तीनदा भाषा बदलतो आणि तरी पुण्यात गेला की त्याचं मराठी कच्चं ठरतं. पुलंच्या नाटकाने या अन्यायावर बोट ठेवलं हे खरं. फूटपट्टी मोडली नाही, हेही तितकंच खरं. अर्थात शॉ यांनीही ती मोडली नव्हती.

पुलंचा या भागाशी धागा होता तो वेगळ्याच कारणाने. हिंगणघाटला जन्मलेले आणि वर्ध्यात वकिली केलेले बाबा आमटे यांचे ते मित्र. शेजारच्या वरोऱ्यात बाबांनी उभ्या केलेल्या आनंदवनातल्या मित्रमेळाव्याला पुलं आणि सुनीताबाई जायचे.

'ती फुलराणी' आलं त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी लागली. १९७७ च्या निवडणुकीत पुलं प्रचाराच्या व्यासपीठावर उभे राहिले, सरकारविरोधात सभा गाजवल्या, आणि जनता पक्ष जिंकल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागले. १९७८ मध्ये त्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. याचा प्रवास तर आणखी लांबचा. जॉन गे नावाच्या इंग्रजाचं १७२८ चं नाटक, त्यावरून जर्मनीत ब्रेख्तने केलेलं नाटक, आणि त्यावरून पुलंचा तमाशा. जब्बार पटेलांनी ते बसवलं.

'पिग्मॅलियन' इतरांनीही आणलं. गुजराती रंगभूमीवर मधु राय यांचं 'संतु रंगीली' सरिता जोशींनी गाजवलं. १९८० मध्ये देव आनंदचा 'मन पसंद' आला. मराठीत मंजुळा पुन्हा पुन्हा येत राहिली: प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी.

१२ जून २००० ला पुण्यात पुलं गेले. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला ५४ वर्षं पूर्ण झाली होती. तीन आठवड्यांनी टीव्हीवर केबीसी सुरू झालं. पुढच्या फेब्रुवारीत, वाईहून मुंबईला परतताना, एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. 'पु. ल., फुलराणी आणि मी' या नावाने त्या एकट्याच कार्यक्रम करायच्या, मंजुळा त्यात असायचीच.

ते स्वगत मात्र अजून सुरू आहे. कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेत दर वर्षी कुणीतरी ते करतंच, ऑडिशनला तर परीक्षकांना पाठ झालेलं असतं. वर्धा, नागपूरकडची मुलगी असेल तर तिची कसरत दुप्पट. आधी 'करून राहिली' सोडून प्रमाण मराठी शिकायचं, आणि मग त्यावर मंजुळेची, म्हणजे भलत्याच गावची, 'अशुद्ध' मराठी चढवायची. स्वतःच्या आजीसारखं बोलून बघ, असं तिला कुणी सांगत नाही.