वाऱ्यासाठी घरे न पाडणारा नगररचनाकार

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीतली कोंदट हवाच याला कारण, असे तेव्हा अनेकांना वाटे. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. तोवर घर गेलेले गरीब शेजारच्या चाळींत शिरले होते आणि तिथली दाटी आणखी वाढली होती.

अशा सरसकट पाडापाडीला पॅट्रिक गेडेस यांनी ठाम विरोध केला. १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडेस मूळचे जीवशास्त्रज्ञ, थॉमस हक्सले यांचे विद्यार्थी. १८७९ मध्ये मेक्सिकोत आजारपणात त्यांची दृष्टी काही काळ गेली. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाचे काम झेपेना, तेव्हा ते शहरांच्या अभ्यासाकडे वळले. एडिंबरोच्या गलिच्छ वस्तीत पत्नी अ‍ॅनासह राहून त्यांनी घरे दुरुस्त केली, अंगणे मोकळी केली, झाडे लावली.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नकाशांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. खचून न जाता त्यांनी ते नव्याने उभे केले. ठाणे, वांद्रे, इंदूर अशा शहरांच्या गल्ल्या पायी फिरून त्यांनी अहवाल लिहिले. त्यांचा उपाय शल्यचिकित्सकासारखा होता: अगदी पडकी घरे तेवढी काढायची, त्या जागी छोटे चौक करायचे, बाकी वस्ती जगवायची. १९१७ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी अ‍ॅना भारतातच आजाराने वारल्या. तरी काम थांबले नाही. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आज संगणकावर शहरातला वारा मोजता येतो. दोन्ही बाजूंच्या इमारती रस्त्याच्या रुंदीइतक्या किंवा त्याहून उंच असल्या, की आडवा वारा छपरांवरूनच निघून जातो आणि खाली नुसता भोवरा फिरतो. वाहनांचा धूर मग वारा ज्या बाजूने येतो, तिकडच्या इमारतींच्या भिंतीशी साठतो. दम्याच्या रुग्णांना याचा अधिक त्रास होतो. मधे मोकळे चौक असले, इमारतींची उंची कमी-जास्त असली, तर धुराला बाहेर पडायला वाट मिळते.

जळगावचा मेहरूण तलाव हीसुद्धा अशीच मोठी मोकळी जागा. काठाला उंच इमारतींची सलग रांग उभी राहिली तर तलावावरचा वारा मागच्या गल्ल्यांपर्यंत पोहोचणे अवघड. मधे फटी ठेवल्या तर तो आत शिरतो.

१९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडेस यांचे निधन झाले. बांधकामाचा नकाशा मंजूर करण्याआधी त्या गल्लीतून एकदा पायी फिरावे, ही त्यांची पद्धत मात्र आजही कोणत्याही नगरपालिकेला परवडणारी आहे.