पन्नास रुपये महिना

चौथ्या सेमिस्टरला माझा एक पेपर राहिला, तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. तीन रंगांच्या पेनांनी टाइमटेबल बनवून कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि रात्री मोबाइलवर मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघायला लागले. टाइमटेबल पाचव्या दिवशी मोडलं. व्हिडिओ मात्र नेमाने चालू राहिले. पहाटे चारला उठा, मोठी स्वप्नं बघा, स्वतःवर विश्वास ठेवा! बघताना अंगात वारं शिरायचं आणि सकाळी नऊला आईच्या हाकेनं जाग यायची.

त्याच दिवसांत लायब्ररीत धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ हाती लागलं. खरं सांगायचं तर पुस्तक घेतलं ते त्यांच्या गावाचं नाव बघून. सांखवळ. माझी मावशी वास्कोला असते, तिच्याबरोबर लहानपणापासून सांखवळला संत जुझे वाझांच्या फेस्ताला जातेय. जुझे वाझ १६८७ मध्ये लपूनछपून सिलोनला गेले आणि तिथेच राहिले, ही गोष्ट आम्हांला कॅटेकिझमच्या वर्गात पाठ होती. त्याच गावातून दोनशे वर्षांनी आणखी एक माणूस सिलोनला गेला, वेगळ्याच शोधात, हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. पोर्तुगीजांचं राज्य, शिक्षण थोडं मराठीतलं, तेही सलग नाही. लवकर लग्न, मग घरच्या नारळीच्या बागायतीची देखरेख. माणूस वाचणारा, पण वाचून करायचं काय हे ठाऊक नाही. अशातच ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं छोटं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. कुठला मोठा ग्रंथ नव्हे, गुरूचा उपदेश नव्हे, मुलांचं मासिक! बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा आणि तो आपल्या भाषेत आपल्या लोकांना सांगायचा, हे त्यानंतर त्यांच्या मनात हळूहळू पक्कं होत गेलं.

पण मनात पक्कं झालं म्हणून पाय लगेच उचलला गेला असं नाही. आधी घर सोडून निघाले आणि परत आले, असंही झालं. मधे उदासीनतेचे लांबच लांब काळ गेले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काही न झाकता. मला या पुस्तकाचा धीर वाटला तो इथे. परत येणं हा त्या माणसाच्या गोष्टीचा शेवट नव्हता.

१८९९ च्या अखेरीस ते खरोखर निघाले. वय तेवीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. हातात एकही पदवी नाही, इंग्रजी नाही, संस्कृतही धड नाही. पाली शिकायची तर आधी संस्कृत हवं, म्हणून पुणं. तिथे डॉ. भांडारकरांची भेट झाली. पुण्याहून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्रींकडे व्याकरण घोकायचं. आमच्या कँटीनमधल्या भाजीला नावं ठेवताना मला आता थोडी लाज वाटते. थोडीच.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाचा धर्म तिथे जिवंत भेटेल या आशेनं एवढी वाट तुडवली आणि तिथलं चित्र बघून पार निराश झाले. मी त्या जागी असते तर मावशीकडे जाऊन पंधरा दिवस झोपले असते. ते बुद्धगयेला आले. तिथे कळलं की हे शिकायचं तर सिलोनला जायला हवं. मग कलकत्ता आणि तिथून कोलंबोचं विद्योदय विद्यालय. तिथे सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली सुरू झाली, घर सोडल्यापासून दोन वर्षं उलटून गेल्यावर. म्हणजे जे शिकायला निघाले त्याचं पहिलं पान उघडेपर्यंतच एका डिग्रीचा बराचसा काळ गेला. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले, ध्यान शिकले. १९०६ मध्ये चीवर उतरवून कलकत्त्याला आले.

आता ते पन्नास रुपये. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचं काम होतं आणि २५० रुपये महिना पुढ्यात होता. त्या काळी ही चैनीची रक्कम. दुसरीकडे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा प्रस्ताव आला. महाराष्ट्रात कुठंही राहा, दरमहा ५० रुपये मिळतील, मात्र वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. धर्मानंदांनी पन्नास घेतले.

हा प्रसंग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, त्याग वगैरे. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, त्यांना हा निर्णय फार जड गेला नसावा. आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगायचं हे आधीच ठरलेलं होतं. कलकत्त्यात बसून ते होणार नव्हतं, म्हणजे उत्तर तयारच होतं. मला रोज सकाळी उठून ‘आज अभ्यास का करायचा’ इथपासून सुरुवात करावी लागते. त्यांचा तो प्रश्न बहुधा सुटला होता, राहिला होता तो फक्त अभ्यास. १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे मराठी पुस्तक आलं. नंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली.

त्याच १९१० मध्ये हा पदवी नसलेला माणूस अमेरिकेत हार्वर्डला पोचला. वॉरन नावाच्या अभ्यासकाचं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं संपादन अपुरं राहिलं होतं, ते पुरं करायला त्यांना बोलावलं होतं. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परत आले. पण काम सोडलं नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा समुद्र ओलांडला. मधे गुजरात विद्यापीठ झालं, लेनिनग्राड झालं, मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंग झाला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डने ‘विसुद्धिमग्ग’ छापला १९५० मध्ये. चाळीस वर्षांपूर्वी हाती घेतलेलं काम छापील रूपात त्यांनी पाहिलंच नाही.

इथवर लिहून मी थांबले होते. मंडळाच्या या अंकाचा विषय ‘ध्येय’, आणि लेख ठीक जमलाय असं वाटत होतं. पण एक गोष्ट मी पटकन ओलांडून गेले होते.

१८९९ मध्ये धर्मानंद निघाले तेव्हा घरात बायको होती, बाळाबाई, आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी, माणिक. परत भेट झाली ती सुमारे सात वर्षांनी. त्या सात वर्षांची अन्नछत्रं, बोटी, विहार, सगळ्यांचा हिशोब ‘निवेदना’त आहे. बाळाबाईंची सात वर्षं कशी गेली हे त्यात शोधायला गेलं तर हाती फार कमी लागतं. मुलांना धर्मानंदांनी शिकवलं हे खरं. १९१८ मध्ये ते माणिकला आणि दामोदरला अमेरिकेला घेऊन गेले. माणिक तिथे कॉलेजात शिकली, आणि दामोदर म्हणजे पुढे गणित आणि इतिहासात नाव काढणारे डी. डी. कोसंबी. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या.

मला हे सहज बाजूला टाकता येत नाही, कारण आमच्या घरात माझ्या फीचे पैसे ताईच्या पगारातून जातात. बाबांचं काम सुटलं तेव्हा ती बारावीनंतर दुकानात लागली. माझा पेपर राहिला त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली की परत भर फॉर्म. आता एम.ए.ला जायचं तर हॉस्टेल आलं, म्हणजे आणखी दोन वर्षं ती त्याच काउंटरवर. मी धर्मानंदांना दोष द्यावा इतकी कोण? पण पन्नास रुपयांच्या त्या निर्णयाचं कौतुक करताना, त्या पन्नासात घर कुणी चालवलं, हा प्रश्न मला पडतोच.

पेपर ऑक्टोबरमध्ये दिला, सुटला. कपाटावरचं टाइमटेबल अजून तिथेच आहे, कोपरे गुंडाळलेलं.

परवा हा लेख मी ताईला वाचून दाखवला. ती शिफ्टवरून आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. सयाजीराव, हार्वर्ड, सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “त्या बाळाबाईंनी काही लिहिलंय का गं?”

मी म्हटलं, बघते.