आईने दिलेले रंग

मैत्रिणींनो, मुलांच्या दप्तरातली जलरंगांची पेटी तुम्हीही हाताळली असेल. तेलरंगात चूक झाली, तर वरून दुसरा रंग देऊन झाकता येते. जलरंगात खालचं सगळं दिसतं. भाजीत मीठ पडावं तसं, एकदा पडलं की पडलं! म्हणूनच मला अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर यांचं मोठं कौतुक वाटतं.

१८३६ साली बोस्टनमध्ये ते जन्मले. आई हेन्रिएटा संसार सांभाळून जलरंगात फुलं-पानं रंगवायची. विन्स्लोंना चित्रकलेचे पहिले धडे तिनेच दिले. वडील १८४९ मध्ये सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियाला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्या काळात तिन्ही मुलांचं तिनेच पाहिलं. पुढे विन्स्लो छापखान्यात उमेदवारीला लागले, साप्ताहिकासाठी यादवी युद्धाची चित्रं काढू लागले. १८७३ पासून त्यांनी आईचे जलरंग मनापासून हाती घेतले.

१८८४ च्या एप्रिलमध्ये आई गेली. त्याच डिसेंबरात एका मासिकाच्या कामासाठी ते बहामा बेटांवर, नासाऊला पोहोचले. तिथल्या लख्ख उन्हाने त्यांचा हातच मोकळा झाला. निळा रंग भरपूर पाण्यात पातळ करून झरझर फिरवायचा आणि ऊन चमकतं तिथे कागद कोरा सोडायचा. पांढरा रंग लावायचा नाही, पांढरं राखायचं! कुठे थांबायचं, हे आधीच ठरवावं लागतं. तरी कुठे उजेड हवासा वाटलाच, तर रंग पुन्हा ओलावून टिपून घ्यायचा, नाहीतर चाकूने हलकेच खरवडायचा.

त्यांचं १८८५ चं नासाऊच्या बागेचं चित्र मला विसरता येत नाही. उन्हात उजळलेली भिंत, आत नारळाचं झाड आणि बाहेर एकटं उभं असलेलं कृष्णवर्णीय मूल. गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्येच संपली होती. भिंत मात्र उभीच होती. ऊन सगळ्यांचं, बाग मात्र कुणाची तरी. हे त्यांनी एका शब्दाविना सांगितलं.

१८९८ मध्ये ते पुन्हा नासाऊला गेले. १९१० मध्ये वारले. आज त्यांची जलरंगातली चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. हेन्रिएटाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण मुलाच्या हाती पहिल्यांदा ब्रश दिला तो तिनेच, हे आपण तरी लक्षात ठेवूया ना!